रात्री थांबते

९ जानेवारी, सोमवार

"रात्री थांबते." माझ्या या कानांनी ऐकलं. स्वच्छ!

मी बाथरूममधून बाहेर आले तर हा गॅलरीत, पाठमोरा, फोन कानाला. दार ओढून घेतलेलं, पण नीट लागलेलं नव्हतं. "हो ना, रात्री थांबते... आधी एवढं नव्हतं, हल्ली वाढलंय... छे गं, तिला पत्ताच नाही. आणि सांगायची हिंमत कोण करणार?" तेवढ्यात मी दिसले. लगेच "बरं बरं, नंतर बोलू" आणि फोन खिशात.

"कोण होतं?"

"ऑफिसमधलं."

ऑफिसातल्या कुणाला हा 'गं' म्हणत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात ऐकलेलं नाही. म्हणजे पलीकडे बाई. आणि रात्री जी थांबते तीही बाईच. एक थांबणारी, एक माहीत असणारी. आणि तिसरी मी, पत्ताच नसलेली!

थांबते कुठे? इथेच. कधी? मी नसते तेव्हा. दर पंधरवड्याला दोन रात्री माझा दौरा असतो, हे त्याला महिनाभर आधी कळतं. तारखांचा कागद फ्रिजवर मीच लावते.

सहा वर्षं रोजनिशी बंद होती. आजपासून पुन्हा. पंचनाम्याला तारीख लागते.

१० जानेवारी, मंगळवार

"काही झालंय का?" त्याने दोनदा विचारलं. काही नाही म्हटलं. ताकास तूर लागू द्यायची नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

माझा धंदाच संशयाचा. किराणा दुकानांचे काटे, सोनारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं — बरोबर आहेत असं धरून मी कधी चालतच नाही. आधी काटा रिकामा ठेवून शून्य बघायचं. मग आपल्या पेटीतली प्रमाण वजनं चिमट्याने उचलून ठेवायची. बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही वजनात धरलं जातं. सत्तावीस वर्षं हेच करतेय. पारड्याखाली चुंबक चिकटवलंय की नाही, हे मी दुकानदाराच्या तोंडाकडे बघून सांगते.

आणि घरच्या माणसाचं तोंड वाचता येत नाही!

आज सोनाराच्या दुकानात भडका उडाला. छातीतून निघाला तो मान, गाल, कान. चष्म्यावर वाफ. सोनार बिचारा म्हणाला, "मॅडम, पंखा लावू का?" तोळा-माशाच्या काट्याशेजारी पंखा! एवढं ओरडले की बसलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. मामांनी पाणी पुढे केलं. मामा म्हणजे आमच्या ऑफिसचे शिपाईमामा, वजनांची पेटी तेच सांभाळतात, येत्या जूनला निवृत्त होतील. परतताना गाडीत माझा डोळा लागला. जाग आली ती ऑफिसच्या दारात. तोंड उघडं, घसा कोरडा ठणठणीत. मामा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

पाळी तीन महिने नव्हती. मागच्या आठवड्यात आली, दोन दिवसांत गेली. तिचंही आता काही खरं नाही. रजोनिवृत्ती म्हणे! ना रजा, ना पेन्शन.

डिसेंबरात नेहमीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. सकाळी डोकं दगड होतं, रात्री तीन-तीनदा बाथरूमला उठते, झोपूनही झोपल्यासारखं वाटत नाही, उगाच रडू येतं, उगाच राग. ते म्हणाले, "या वयात बायकांचं होतंच हे. मन रमवा. काही छंद आहे का?" आणि मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. हा बाहेर बसला होता. दोघं नंतर दारात काहीतरी कुजबुजले. गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. उद्या कोणी म्हणायला नको, वेडाच्या गोळ्या खाते, तिचं काय ऐकता.

१५ जानेवारी, रविवार

मावशीचा फोन. आईची धाकटी बहीण, आता चौऱ्याहत्तरची. मी काही बोलले नव्हते, फक्त विषय निघाला म्हणून म्हटलं, पुरुषांचा काही भरवसा नाही गं.  ती हळूच म्हणाली, "अगं बाई, आईवर गेलीस की काय तू?"

हेच. ह्याचीच भीती वाटते.

आई सेहेचाळीस-सत्तेचाळीसची असताना संशयी झाली. बाबांचे खिसे तपासायची. त्यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की दारात उभी. कुणीतरी आहे, कुणीतरी आहे, हा एकच घोषा. पाहुण्यांसमोर ताट भिरकावलंय तिने. बाबांनी शेवटी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, तर म्हणाली, बघा, आता माझी किळस येते. आई गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती. त्यानंतर बाबा वीस वर्षं एकटे जगले, कुठलीही बाई उगवली नाही. साऱ्या नात्यात आईचं नाव निघालं की अजूनही लोक एकमेकांकडे बघतात.

मी एक्कावन्न. तेव्हा प्रश्न सरळ आहे. एक तर खरंच कुणीतरी बाई आहे, नाही तर मी आई होतेय. तिसरं काही मला दिसत नाही. बाई असेल तर मी घर सोडेन, नोकरी आहे, पोट भरेल. आई होत असेन तर काय सोडायचं?

म्हणून पुरावा हवा.

१८ जानेवारी, बुधवार

दौरा. विश्रामगृह. सकाळी रखवालदार चहा घेऊन आला आणि दारातच घुटमळला.

"मॅडम, बोलू का नको कळत नाही. खोली एकाच माणसाच्या नावावर आहे."

"मग?"

"रात्री साहेब आले होते का?"

"कुठले साहेब?"

"तसं नाही, म्हणजे... घोरण्याचा आवाज येत होता. चांगला जोरात. शेजारच्या खोलीतले झोपले नाहीत म्हणाले."

माझ्या खोलीत पुरुष! या वयात, या गुडघ्यांनी! आधी हसू फुटलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला खोलीत बोलावून पलंगाखाली बघायला लावलं. बघितलंन् मेल्याने! खरोखर वाकून बघितलं!

हे याला सुचवलं कुणी? दिवसभर डोक्यात तेच. मला बदनाम करून ठेवलं की नवऱ्याचं उघडकीला आलं तरी दोघंही सारखेच, असा हिशेब दिसतोय. मामांची खोली माझ्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला भिंत. त्यांना विचारलं, "तुम्ही काही ऐकलंत का रात्री?" म्हणाले, "माझे कान गेले हो आता." खोटं! काटा टेकल्याचा खट् आवाज मामांना माझ्याआधी ऐकू येतो. मामासुद्धा मिळालेले आहेत.

२० जानेवारी, शुक्रवार

घरी. हा दूध आणायला गेल्यावर तपासणी केली.

उशा चार. दौऱ्यावर जाताना तीन होत्या. चौथी नवी, उतरती, एका बाजूने उंच. चादर बदललेली. कंगव्यात केस माझेच. केराचा डबा रिकामा, धुतलेला. एवढी स्वच्छता! जिथे सगळं चकाचक असतं तिथेच पारडं उलटं करून बघावं लागतं, हे मी नव्या निरीक्षकांना शिकवते.

"ही उशी कुणाची?"

"तुझ्यासाठीच आणली. डोकं जरा उंच राहिलं की बरं."

"कुणाला बरं?"

"...तुला."

नजर चुकवली. नोंद केली.

२४ जानेवारी, मंगळवार

आज बसल्या बसल्या सुचलं आणि अंगावर काटा आला. दूध!

झोपताना दूध हाच देतो. गेली दोनेक वर्षं. आधी कधी देत नव्हता. आणि दोनेक वर्षंच सकाळी माझं डोकं दगड, जीभ कोरडी, अंग ओढल्यासारखं. ऑफिसात बैठकीत पेंग येते. काल एका काट्यावर मोहर उमटवायची ती दुसऱ्याच काट्यावर उमटवली. मामांनी वेळीच हात धरला म्हणून, नाही तर सत्तावीस वर्षांची अब्रू गेली होती. एवढी झोपते आणि एवढी दमते, हे दुधाशिवाय कसं होईल?

२५ जानेवारी, बुधवार

रात्री त्याने पाठ केली तेवढ्यात कप बदलले. बघू.

२६ जानेवारी, गुरुवार

सापडला!! नाश्त्याला हा पेंगत होता. डोळे लाल, हातातला चमचा तसाच हवेत. "झोप नाही झाली का?" मी अगदी साखर घोळून विचारलं. "झाली की," म्हणाला आणि जांभई गिळली.

माझंही डोकं दगडच होतं. पण ते आधीचं साठलेलं असणार. दोन वर्षांचं एका रात्रीत थोडंच उतरतं.

(संध्याकाळी.) एक गोष्ट बसत नाही. कप बदललेले त्याला दिसलेच असणार, त्याचा कप निळा. मग मुकाट्याने प्यायला कसा?

३१ जानेवारी, मंगळवार



पहाटे दचकून डोळे उघडले. हा माझ्या तोंडावर वाकलेला. हातात ती उशी.

"काय करतोयस?"

"काही नाही. झोप. कुशीवर हो जरा."

कुशीवर हो! मी उठले, लेकीच्या खोलीत गेले, आतून कडी घातली. लेक नोकरीच्या गावी, तिची खोली रिकामीच असते. हा दाराबाहेर उभा. मारलं नाही, ओरडला नाही. रडवेल्या आवाजात म्हणाला, "तिथे झोप, हवं तितके दिवस झोप. दार तेवढं उघडं ठेव. पाया पडतो तुझ्या."

का? दार उघडं कशाला हवं याला?

कडी काढली नाही. आता इथेच झोपणार.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरावा मिळाला. याच्या टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली, छोटी वही. वर काही लिहिलेलं नाही. आत फक्त तारखा आणि आकडे. दोन पानं जशीच्या तशी उतरवून घेतली. नमुना:

"४ जाने. — १२ ते १.३० — १९ वेळा — मोठा ३१."

"७ जाने. — १२ ते २ — २७ वेळा — मोठा ३८. (घाबरलो. हलवलं.)"

"१४ जाने. — कुशीवर — ६ वेळाच!!"

कसले खेळ आहेत हे? वाचताना कानशिलं तापली. मोठा काय? हलवलं काय?

पण मी निरीक्षक आहे, रागावून चालत नाही. तारखा माझ्या दौऱ्याशी ताडून पाहिल्या. दौऱ्याच्या रात्री कोऱ्या! सगळ्या! १७ कोरी, १८ कोरी. म्हणजे ती येते तेव्हा लिहायला फुरसत नसते. आणि एकतीस तारखेपासून रोज एकच ओळ: "दार बंद." "दार बंद." "दार बंद. काही ऐकू येत नाही."

रोज रात्री माझ्या दाराला कान लावतो!

रविवारी छोटीला जेवायला बोलावलंय. छोटी म्हणजे याची धाकटी बहीण, सेहेचाळीस वर्षांची छोटी. तिला पंच म्हणून बसवणार. भावाचं पाप तिच्या समोर काढायचं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिच्याच डोक्यात काहीतरी.

५ फेब्रुवारी, रविवार

झालं ते क्रमाने लिहिते.

जेवणं झाली. मी उतरवून घेतलेली पानं टेबलावर ठेवली. माझा आवाज अगदी शांत होता, दुकान सील करताना असतो तसा. म्हटलं, "कोण थांबते रात्री?"

त्याने छोटीकडे बघितलं. छोटीने त्याच्याकडे.

"नऊ जानेवारी, सकाळी, गॅलरीत. 'रात्री थांबते. तिला पत्ताच नाही.' कोण थांबते? नाव सांग."

"तू," तो म्हणाला.

"मी कुठे थांबते? मी इथेच राहते!"

"अगं, श्वास घ्यायची थांबतेस! झोपेत. थांबतेस, थांबतेस, मग एकदम धडपडून पुन्हा घेतेस. मी मोजतो." आणि हा माणूस, ज्याच्या डोळ्यांत वडील गेले तेव्हाही पाणी आलेलं मी पाहिलं नाही, टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. छोटी म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी फोनवर मीच होते हो. मीच म्हणत होते, सांगून टाक वहिनीला."

विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? बहीण-भाऊ ते. तर त्याने फोन काढला. "ऐक." आधी घोरणं. कुणा पहिलवानाचं वाटावं असं. मी म्हटलं हे माझं नाहीच. मग ते घोरणं मधेच तुटलं. काही नाही. नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. कितीतरी वेळ काही नाही. ऐकता ऐकता मीच श्वास धरून बसले होते हे नंतर कळलं. मग एक घुसमटलेला, घाण आवाज, बुडणारा माणूस वर येतो तसा. आणि त्यापाठोपाठ झोपेतली बाई पुटपुटली, "मामा, शून्य बघा आधी."

ती मीच. दुसरी कुठली बाई झोपेत शून्य बघायला सांगेल?

उशी तोंडावर नव्हती, मानेखाली सारत होता. दूध म्हणे झोप लागावी म्हणून, त्याच्या आईने सांगितलेलं. कप बदललेले पाहिले होते. "मला वाटलं तुला निळा आवडला." आणि नाश्त्याला पेंगत होता कारण रात्री दोनपर्यंत बसून मोजत होता.

"मग सांगितलं का नाहीस मला? तोंड शिवलं होतं का?"

"दोन वर्षांपूर्वी एकदा म्हटलं होतं, तू घोरतेस. अकरा दिवस बोलली नाहीस माझ्याशी."

"बारा," मी म्हटलं.

छोटी फिसकन हसली. मी नाही हसले. लाज वाटली, भयंकर. रखवालदाराचं तोंड आठवलं. मामांचं "कान गेले हो". सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे माझी अब्रू राखत होते.

६ फेब्रुवारी, सोमवार

दार उघडं ठेवून झोपले. सकाळी वहीत पाहिलं: "१२ ते १ — १५ — मोठा ३४."

अजूनही मनात पाल चुकचुकतेच. बाई नाही हे पटलं. पण मग मी एवढं सगळं रचलं ते कुठून? हे तर अगदी आईचंच झालं. उलट वाईट. बाई नाही म्हणजे उरली ती दुसरीच शक्यता.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

झोपेच्या विकारांच्या डॉक्टर. बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केस आखूड. छंद विचारला नाही! पाळी कधीपासून चुकते हे आधी विचारलं. मी म्हटलं, "घोरण्याचा आणि पाळीचा काय संबंध?"

"बराच आहे. पाळी असते तोवर शरीरातली काही हार्मोन्स बायकांचा घसा राखतात. घशाचे स्नायू सैल पडू देत नाहीत, श्वासालाही जरा टोचणी देत राहतात. ती ओसरायला लागली की झोपेत घसा मिटतो. हवा बंद. मेंदू घाबरतो, तुम्हाला अर्धवट उठवतो, पुन्हा झोपवतो. तुम्हाला सकाळी काही आठवत नाही. फक्त डोकं दगड."

दगड! मी शब्द उच्चारलाही नव्हता.

"आणि राग, रडू?"

"पाळीच्या या उलथापालथीतही होतं. पण महिनोन्महिने रात्रभर कोणी तुम्हाला दर दोन मिनिटांनी हलवून उठवलं, तर तुम्ही काय गाणी म्हणाल? चिडचिड, उदासी, भलते विचार, सगळं येतं. पुरुष घोरतो म्हणून बायको त्याला डॉक्टरकडे ढकलते. बाईला सांगतात, वय झालं."

"भलते विचार म्हणजे संशयसुद्धा?"

माझ्याकडे जरा नीट बघितलं त्यांनी. "झोप नसली की माणूस वाकडंच धरतो. तुमचं सगळं त्यातलंच, असं तपासल्याशिवाय नाही सांगणार मी. आधी झोप दुरुस्त करू, मग उरेल ते बघू."

आवडली बाई. तरी विचारलंच, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" हसल्या नाहीत. यंत्र उलटं करून खालची चिठ्ठी दाखवली. तारीख चालू वर्षाची होती.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री बोटाला चाप, छातीला पट्टा, नाकाखाली नळी लावून झोपले. हा म्हणाला, "आज मी मोजू का नको?" म्हटलं, मोज. दोन काटे असले की पडताळणी होते.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट. तासाला तेहतीस वेळा. सर्वांत मोठा एक्केचाळीस सेकंद. रक्तातला प्राणवायू एकोणऐंशी टक्क्यांपर्यंत उतरला होता.

याच्या वहीत त्याच रात्री, तो जागा होता तेवढ्या वेळात, तासाला तीस. साध्या घड्याळावर, अंधारात, पेंगुळल्या डोळ्यांनी तासाला तीनची चूक. दुकानदाराला एवढी माफ नसते, याला केली. म्हटलं, "तुझ्यावर मोहर उमटवायला हरकत नाही." त्याला कळलं नाही मी चेष्टा करतेय. कपाळ पुढे केलं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

यंत्र आलं, झोपेत घसा मिटू नये म्हणून नाकातून हवा ढकलणारं. मास्क, नळी, खाली डबा. आरशात हत्तीण. दोनदा ओरबाडून काढला, तिसऱ्यांदा ठेवला.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळचे सात. बाथरूमला एकदाही उठले नाही. डोकं — कसं सांगू — डोकं जागेवर आहे आणि जाणवत नाही! स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसले. हा अजून झोपलाय. उठवणार नाही. दोन वर्षांची झोप बाकी आहे त्याची.

४ मार्च, शनिवार

दहा दिवस झाले. बैठकीत जागी होते, उलट साहेबच पेंगत होते. सोनाराकडे गेले, मागच्या खेपेला ओरडले त्याबद्दल सॉरी म्हटलं. तो इतका घाबरला की आणखी दोन काटे तपासायला काढून दिले. भडके येतातच, ते यंत्राने जाणार नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, त्याचं वेगळं बघू म्हणाल्या. येऊ देत. भडका आला की आता घाम पुसते आणि पुढचं वजन उचलते.

मामांना विचारलं, "कान कसे आहेत?" म्हणाले, "या आठवड्यापासून पुन्हा ऐकू येतंय."

आणि मुख्य म्हणजे, मी आई नाही! हे लिहिताना इतकं हलकं वाटतंय. मी आजारी होते. तपासता येईल असा आजार, आकड्यांत लिहिता येईल असा. मला तासाला तेहतीस कारणं होती. आईचं तसं नव्हतं. आईचा स्वभावच तसा, तिने बाबांना सहा वर्षं छळलं ते उगाच, काहीही कारण नसताना. मी बाबांच्या बाजूची होते आणि अजूनही आहे. आईच्या त्या दिवसांपासून मला जी भीती होती ती आज संपली. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, मी बाबांवर गेलेय.

१२ मार्च, रविवार

मावशीला फोन केला. मास्कचं, हत्तिणीचं, रखवालदाराने पलंगाखाली वाकून बघितल्याचं, सगळं सांगितलं, हसायला म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "श्वास थांबायचा? अगं, ताईचंही असंच व्हायचं. घोरता घोरता मधेच गप्प. माझी पोरं सुट्टीला आली की अंथरुणात पडून मोजायची, मावशी किती वेळ गप्प राहते म्हणून. खिदळायची नुसती. त्या आवाजापायीच तर भावोजी बाहेरच्या खोलीत गेले."

मग आवाज खाली आणून म्हणाली,

"ती गेली त्या सकाळी मी होते ना तिथे. तू ट्रेनिंगला होतीस. भावोजी चहा घेत म्हणाले, काल रात्री हिचा आवाजच नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा इतका गाढ झोपलो. झोपू दे तिलाही, उठवू नकोस."

मावशीने साडेनऊपर्यंत उठवलं नाही.